पुन्हा उभे केलेले रान : मॉरिशसचे इल ओ एग्रेट

मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर माएबूर हे जुने बंदराचे गाव आहे. त्याच्या समोरच्या उथळ, निळसर खाडीत, किनाऱ्यापासून एक किलोमीटरही दूर नसलेले एक सपाट बेट दिसते. क्षेत्रफळ अवघे २६ हेक्टर. त्याचे नाव इल ओ एग्रेट. मॉरिशसची मुख्य भूमी समुद्राच्या तळातून वर आलेल्या ज्वालामुखीची, काळ्या बेसॉल्टची आहे. हे बेट मात्र पोवळ्यांच्या आणि शिंपल्यांच्या चुऱ्यापासून बनलेल्या चुनखडीचे. दगडाला जागोजागी भोके आणि फटी आहेत, त्यामुळे पडलेला पाऊस वर थांबत नाही. मातीचा थर पातळ, वारा खारा, ऊन कडक. अशा जागी झाडे वाढतात ती फार सावकाश, आणि उंचीने बेताचीच राहतात. घनदाट, ओलेकंच वर्षावन पाहण्याच्या अपेक्षेने येणाऱ्याला हे रान पहिल्या नजरेत खुरटे वाटू शकते. पण एके काळी मॉरिशसच्या सखल किनाऱ्याला ज्या कोरड्या वनाची कड होती, त्याचा जवळजवळ शेवटचा तुकडा इथे शिल्लक आहे. १९६५ साली या बेटाला राखीव निसर्गक्षेत्राचा दर्जा मिळाला.

हे वन कसे गेले हे समजण्यासाठी मॉरिशसचा एकटेपणा लक्षात घ्यावा लागतो. मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्ज ही मास्करीन समूहाची तीन बेटे. ती कधीही कोणत्या खंडाला जोडलेली नव्हती. जे जीव तिथे पोचले ते उडत, वाहत किंवा वाऱ्यावर स्वार होऊन. जमिनीवर चालणारा एकही सस्तन प्राणी पोचला नाही. वटवाघळे तेवढी पोचली. वाघ नाही, कोल्हा नाही, मांजर नाही, उंदीरसुद्धा नाही. लाखो वर्षे अशी गेल्यावर पक्ष्यांना पळून जाण्याची गरज उरली नाही आणि काहींनी उडणेच सोडले. झाडपाला खाणाऱ्या मोठ्या प्राण्यांची जागा राक्षसी कासवांनी घेतली, तर फुलांच्या परागीभवनाचे काही काम पालींनी उचलले. ही व्यवस्था आतून भक्कम होती, पण बाहेरून येणाऱ्या दातांची आणि नखांची तिला सवय नव्हती.

१५९८ साली डच जहाजे ज्या उपसागरात शिरली तो हाच, ज्यात इल ओ एग्रेट आहे. १६३८ मध्ये डचांनी याच उपसागराच्या काठी पहिली वसाहत केली. त्यांनी आबनुसाची काळी, जड लाकडे तोडून युरोपला धाडली. जावा बेटाहून त्यांनी हरणे आणली आणि उसाची लागवडही केली. जहाजांबरोबर उंदीर, डुकरे, शेळ्या, मांजरे आणि माकडे आली. डोडोची सर्वसाधारणपणे शेवटची मानली जाणारी नोंद १६६२ सालची आहे, आणि तीसुद्धा मुख्य भूमीवरची नव्हे, किनाऱ्याजवळच्या एका छोट्या बेटावरची. मॉरिशसच्या निसर्गात पुढे हेच पुन्हा पुन्हा दिसते : मुख्य भूमीवरून हटवले गेलेले जीव भोवतालच्या चिमुकल्या बेटांवर शेवटचा श्वास धरून राहतात. डच १७१० मध्ये निघून गेले, मग फ्रेंच आले, १८१० मध्ये ब्रिटिश आले. राज्यकर्ते बदलले तरी रानाची पीछेहाट थांबली नाही. आज मॉरिशसच्या मूळ वनापैकी चांगल्या अवस्थेतले वन दोन टक्क्यांहूनही कमी आहे.

रानाची सर्वांत मोठी जागा उसाने घेतली, आणि इथे मराठी वाचकाचा या इतिहासाशी थेट संबंध येतो. १८३४ पासून ब्रिटिशांनी उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली माणसेही होती, विशेषतः जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातली. त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये मराठी समाज म्हणून ओळखले जातात. गणेशचतुर्थी हा तिथे सार्वजनिक सुटीचा दिवस आहे, आणि पश्चिमेकडच्या ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात कास्कावेल येथे गणपतीचे मंदिर आहे. त्या मजुरांच्या घामावर उसाचे राज्य पसरले आणि त्याच राज्याने रान गिळले. दोष मजुरांचा नव्हता. ज्या व्यवस्थेने जमिनीला फक्त साखरेच्या पोत्यांत मोजले, तिनेच माणसांनाही तसेच मोजले.

इल ओ एग्रेट उसापासून वाचले ते त्याच्या खडकाळपणामुळे. तरी ते अस्पर्श राहिले नाही. सरपणासाठी त्यावरची झाडे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तोडली जात होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी तिथे तोफा बसवल्या. त्यांचे अवशेष अजून रानात दिसतात. उंदीर आणि मांजरे मोकाट होती. मोकळ्या झालेल्या जागांत परकी झुडपे माजली. त्यांतले एक झाड मराठी शेतकऱ्याच्या चांगल्या ओळखीचे आहे : सुबाभूळ. आपल्याकडे चाऱ्यासाठी आणि सरपणासाठी मोठ्या उत्साहाने लावलेले हे मूळचे अमेरिकेतले झाड इथे देशी रोपट्यांना उठूच देत नव्हते.

मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ही संस्था १९८४ मध्ये स्थापन झाली आणि त्याच दशकात तिने या बेटाचे काम हाती घेतले. पहिले काम तण काढण्याचे. हे ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात ते वर्षानुवर्षे चालणारे, कंबर मोडणारे काम आहे. परके झुडूप मुळासकट उपटायचे, शेजारचे देशी रोपटे मात्र दुखवायचे नाही. एकदा साफ केलेल्या पट्ट्यात जमिनीत पडून असलेले बी पुन्हा उगवते, म्हणून त्याच पट्ट्यावर पुन्हा पुन्हा फिरावे लागते. सोबत बेटावर रोपवाटिका उभी राहिली. जिथे एखाद्या जातीची मोजकीच झाडे जिवंत आहेत, तिथे त्यांचे बी गोळा करून, कलमे करून रोपे तयार केली जातात.

दुसरे काम उंदरांचे. १९९१ मध्ये विषारी आमिषे वापरून बेटावरचे उंदीर पूर्णपणे संपवण्यात आले. यात अर्धवट यशाला किंमत नसते. एक गाभण मादी उरली तरी सारे पुन्हा सुरुवातीला येते. बेट लहान असण्याचा फायदा इथे कळतो. दीड-दोन हजार चौरस किलोमीटरच्या मुख्य भूमीवरून उंदीर हटवणे आजच्या घडीला अशक्यप्राय आहे, २६ हेक्टरांवरून ते जमते. मात्र चिचुंदरीच्या बाबतीत ते जमले नाही. जहाजांतून मॉरिशसला पोचलेली ही आपल्या घरांतली चिचुंदरी इल ओ एग्रेटवरही आहे. किडे, गोगलगायी, लहान पाली ती फस्त करते. तिला हटवण्याची मोहीम झाली, पण ती फसली. उंदरासाठी बनवलेल्या आमिषाला कीटकभक्षी चिचुंदरी तशी भुलत नाही, हे अशा मोहिमांतले मोठे दुखणे आहे.

या बेटाचा खरा मालक म्हणावा असा वृक्ष म्हणजे इथला आबनूस. त्याचे शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस एग्रेटारम. बेटाच्या नावावरूनच ते पडले आहे. विडीच्या पानांसाठी महाराष्ट्रात ओळखली जाणारी टेंभुर्णी याच डायोस्पायरॉस कुळीतली. इल ओ एग्रेटचा आबनूस बुटका, गर्द पानांचा, अतिशय सावकाश वाढणारा आहे. मनगटाएवढे खोड पाहून झाड कोवळे असेल असे समजणे चूक ठरते. त्याची मोठी फळे फणसासारखी खोडाला आणि जाड फांद्यांना लागतात, पिकून खाली पडतात आणि आईच्या सावलीतच राहतात. तोडलेल्या पट्ट्यांत आबनूस परत का येत नाही, याचे उत्तर इथे होते. झाडे फळत होती, पण बी दूर नेणारा कोणी उरला नव्हता.

पूर्वी तो होता. मॉरिशसवर राक्षसी कासवांच्या दोन जाती होत्या. खलाशांना ती ताजे मांस म्हणून सोयीची होती. जहाजात उलथी करून ठेवली तरी ती बराच काळ जिवंत राहत. अठराव्या शतकात ती नामशेष झाली. त्यांच्या बरोबर फळे खाऊन बी पसरवण्याचे एक संपूर्ण काम नाहीसे झाले. यावर संशोधकांनी जो उपाय केला तो त्या काळी धाडसाचा होता. २००० सालापासून सेशेल्समधल्या अल्दाब्रा जातीची राक्षसी कासवे इल ओ एग्रेटवर आणण्यात आली. सुरुवातीला त्यांना कुंपणात ठेवून ती काय खातात, काय तुडवतात, देशी रोपांना अपाय करतात का हे पाहिले गेले. नंतर ती मोकळी सोडली. परकी जात बेटावर आणण्यामुळेच तर सगळा घात झाला होता, मग पुन्हा परकी जात कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कासवाच्या स्वभावात आहे. कासव सावकाश वाढते, सावकाश पसरते, आणि नको वाटले तर गोळा करून परत नेता येते. उंदराला असे बोलावता येत नाही.

प्रयोगाचे फळ दिसले. कासवे आबनुसाची फळे खातात, बी त्यांच्या पोटातून जाते आणि दूरवर विष्ठेबरोबर पडते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले की कासवाच्या पोटातून गेलेले बी न गेलेल्या बियांपेक्षा अधिक चांगले रुजते, आणि पूर्वी तोड झालेल्या पट्ट्यांत आबनुसाची नवी रोपे उगवू लागली आहेत. नामशेष प्राण्याचे काम त्याचा जिवंत नातलग करू शकतो, याचा हा जगातला एक स्पष्ट पुरावा मानला जातो.

मॉरिशसच्याच दुसऱ्या एका झाडाची गोष्ट याहून फार प्रसिद्ध आहे, आणि ती चुकीची निघाली म्हणून इथे सांगण्यासारखी आहे. १९७७ मध्ये स्टॅन्ली टेंपल या अमेरिकन शास्त्रज्ञाने असे मांडले की तांबालाकोक नावाच्या वृक्षाचे कठीण बी डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाही. डोडो संपला आणि म्हणून झाडही संपत आले. त्यासाठी त्यांनी टर्की पक्ष्यांना ते बी खाऊ घालून पाहिले. गोष्ट इतकी सुबक होती की ती पाठ्यपुस्तकांत गेली. पुढे इतरांनी दाखवून दिले की डोडो गेल्यानंतर उगवलेली तांबालाकोकची झाडे अस्तित्वात आहेत, आणि ते बी पक्ष्याविनाही रुजू शकते. झाडाच्या ऱ्हासामागे माकडे, डुकरे, हरणे आणि परके तण ही नेहमीची कारणे होती. आबनूस आणि कासवांचे काम भक्कम ठरते ते अशा सुबक कथेवर न थांबता बी मोजले, पेरले आणि पुन्हा मोजले म्हणून.

अल्दाब्राच्या कासवांचे मॉरिशसशी जुने नाते आहे. १८७४ मध्ये चार्ल्स डार्विन, जोसेफ हूकर, अल्बर्ट ग्युंथर अशा निसर्गशास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या गव्हर्नरला पत्र लिहून ही कासवे वाचवण्याची विनंती केली होती. त्या काळी सेशेल्स आणि अल्दाब्राचा कारभार मॉरिशसकडून चाले. ती जात वाचली. आज अल्दाब्रावर सुमारे एक लाख कासवे आहेत, आणि त्यांच्यातलीच काही आता मॉरिशसचे वन उभे करत आहेत.

पक्ष्यांमध्ये इल ओ एग्रेटवर सर्वाधिक पाहिले जाते ते गुलाबी कबूतर. अंग फिकट गुलाबी, पंख तपकिरी, शेपटी तांबूस, चोच आणि पाय लालसर. जगात हा पक्षी फक्त मॉरिशसमध्ये आहे. १९९० च्या सुमारास रानात त्याचे दहाच्या आसपास पक्षी उरले होते. शेवटची घरटी मूळ रानात नव्हे, तर जपानहून आणून लावलेल्या क्रिप्टोमेरिया वृक्षांच्या एका राईत होती; त्या गर्द फांद्यांत माकडांचा आणि उंदरांचा त्रास थोडा कमी होता. निसर्गसंवर्धक जेराल्ड डरेल १९७६ मध्ये मॉरिशसला आले, काही पक्षी पकडण्यात आले आणि मॉरिशसमधल्या ब्लॅक रिव्हर येथे व जर्सी बेटावरच्या डरेल यांच्या प्राणिसंग्रहालयात बंदिवासातले प्रजनन सुरू झाले. ही कबुतरे आईबाप म्हणून फारशी भरवशाची ठरेनात, तेव्हा त्यांची अंडी दाई म्हणून ठेवलेल्या पाळीव होल्यांखाली उबवण्यात आली. १९८७ पासून पक्षी रानात सोडले जाऊ लागले आणि १९९४ पासून इल ओ एग्रेटवरही.

आज त्यांची संख्या काही शेकड्यांत आहे. धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत हा पक्षी अतिसंकटग्रस्त वर्गातून २००० मध्ये संकटग्रस्त वर्गात आणि २०१८ मध्ये असुरक्षित वर्गात आला. पण आकडा वाढला म्हणजे पक्षी सुटला असे नाही. सगळी कबुतरे मोजक्या पूर्वजांची संतती असल्यामुळे जवळच्या नात्यातल्या जोड्या जुळतात, आणि अशा जोड्यांची पिल्ले अशक्त निघतात. परक्या पारव्यांकडून पसरणारा ट्रायकोमोनास नावाचा परजीवी पिल्लांच्या घशात वाढून त्यांना मारतो. रानात पुरेसे खाद्य नाही म्हणून पक्ष्यांना दाणा घातला जातो. पण जिथे दाणा तिथे गर्दी, आणि जिथे गर्दी तिथे रोग. म्हणून निरनिराळ्या ठिकाणच्या कळपांमध्ये पक्षी हलवणे, पायांत रंगीत कड्या घालून प्रत्येकाची वंशावळ ठेवणे, खाद्यपात्रे स्वच्छ राखणे हे रोजचे काम आहे. बेटावर फिरताना कबुतरांच्या पायांत कड्या दिसतात त्या यासाठी.

आणखी दोन लहान पक्षी इथे आश्रयाला आणले गेले. एक मॉरिशसचा फोडी; सुगरणीच्या कुळातला, विणीच्या काळात नराचे डोके आणि छाती लालभडक. दुसरा ऑलिव्ह रंगाचा चष्मेवाला. आपल्याकडच्या चष्मेवाल्याचाच हा भाऊबंद, डोळ्याभोवती तसेच पांढरे कडे, पण चोच जास्त लांब आणि वाकडी, कारण तो फुलांतल्या मधावर जगतो. मुख्य भूमीवर दोघांचीही घरटी उंदीर आणि माकडे लुटतात. उंदीर नसलेल्या इल ओ एग्रेटवर ते तग धरून आहेत, मात्र त्यांनाही गोड पाणी आणि इतर खाद्य पुरवावे लागते. चष्मेवाला अजून अतिसंकटग्रस्त वर्गात आहे, आणि मुख्य भूमीवर तो घटतोच आहे.

पक्ष्यांच्या शत्रूंची यादी वाचताना मराठी माणसाला थबकायला होते, कारण त्यातली निम्मी नावे आपल्या अंगणातली आहेत. शिपाई बुलबुल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातून तिथे नेला गेला. साळुंकी टोळांचा नायनाट करण्यासाठी अठराव्या शतकात नेली गेली. मुंगूस १९०० मध्ये उंदरांवर सोडले गेले. त्याने उंदरांपेक्षा जमिनीवरच्या पक्ष्यांचाच जास्त समाचार घेतला. आपला नेहमीचा कंठवाला हिरवा पोपट मॉरिशसच्या मूळ पोपटाची झाडातली ढोली बळकावतो. आपापल्या भूमीत हे सारे जीव निरुपद्रवी, उपयोगीसुद्धा आहेत. हजारो मैल दूरच्या, त्यांच्यासाठी तयार नसलेल्या भूमीत नेऊन सोडल्यावर ते संहारक ठरले. प्राण्याला चांगला किंवा वाईट ठरवणारी गोष्ट बहुतेक वेळा त्याची जागा असते.

सरपटणाऱ्यांमध्ये टेलफेअरची सापसुरळी हा बेटावरचा लक्षवेधी रहिवासी. फूटभर लांबीची, जाड अंगाची, माणसाला न घाबरणारी. मुख्य भूमीवरून ती कधीच गेली. ती वाचली ती फक्त राउंड आयलंडवर, मॉरिशसच्या ईशान्येला वीसेक किलोमीटरवरच्या ज्वालामुखीय बेटावर, जिथे उंदीर कधी पोचलेच नाहीत. शेळ्या आणि ससे मात्र पोचले होते आणि त्यांनी तिथली हिरवळ खरवडून टाकली होती. त्यांना हटवण्याचे काम १९७९ ते १९८६ या काळात पूर्ण झाले. तोपर्यंत बिळात राहणारा एक अजगरवर्गीय साप संपला होता. तो शेवटचा १९७५ मध्ये दिसला. त्याचा नातलग असलेला दुसरा साप, ज्याचा वरचा जबडा सांध्याने दुभंगलेला असतो, तो वाचला. सगळी जात एकाच बेटावर असणे म्हणजे एका वादळाच्या किंवा एका बुडालेल्या जहाजावरून आलेल्या उंदरांच्या तावडीत असणे. म्हणून २००६-०७ मध्ये या सापसुरळ्या आणि २०१० मध्ये ग्युंथरची मोठी पाल राउंड आयलंडवरून इल ओ एग्रेटवर आणण्यात आली. चिचुंदरी असूनही सापसुरळी रुजली. मोठ्या अंगामुळे ती चिचुंदरीला पुरून उरते.

दिवसा हिंडणाऱ्या, निळ्या-हिरव्या अंगावर लाल ठिपके मिरवणाऱ्या लहान पालीही बेटावर भरपूर आहेत. त्या फुलांतला मध चाटतात आणि परागकण एका फुलावरून दुसऱ्यावर नेतात. मॉरिशसच्या ट्रोकेशिया कुळीतल्या फुलांचा मध रंगीत, पिवळा ते लाल असतो, जे वनस्पतिजगतात फारच दुर्मीळ आहे. बिनरंगी मधापेक्षा रंगीत मध पालींना अधिक आवडतो असे प्रयोगांत दिसून आले. पालीला घरातून हुसकून लावणाऱ्या समाजाला हे वाचून तिच्याकडे पुन्हा एकदा पाहावेसे वाटेल.

मुख्य भूमीवरचे सर्वांत मोठे संरक्षित वन म्हणजे नैर्ऋत्येकडचे ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान. १९९४ मध्ये ते जाहीर झाले. क्षेत्र ६,५७४ हेक्टर. मॉरिशसचे सर्वोच्च शिखर, ८२८ मीटर उंचीचे, याच भागात आहे. इथे दऱ्या खोल, पाऊस भरपूर, रान उंच आणि ओले. पण दुरून हिरवेगार दिसणारे हे वन जवळून पाहिले तर बऱ्याच भागात परकेच आहे : दक्षिण अमेरिकेतला छोट्या लाल फळांचा पेरू आणि आशियातून आलेली प्रिव्हेट यांची दाट झुडपे. माकडे आणि डुकरे पेरू खातात आणि त्याचेच बी पसरवतात. यावर उपाय म्हणून काही पट्ट्यांना हरीण-डुकरांपासून कुंपणे घालून आतले तण काढले जाते. अशा पट्ट्यात उभे राहिले की मूळ वन कसे असेल याची कल्पना येते. जमिनीवर देशी रोपांची दाटी असते, आणि कुंपणाबाहेर नुसता पेरू.

या उद्यानाची ओळख म्हणजे मॉरिशसची खरूची. हा लहान ससाणा दिवसा हिंडणाऱ्या पालींवर जगतो. रान कमी झाले, मुंगसे आणि मांजरे पिल्ले नेऊ लागली, आणि त्यात १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून हिवताप हटवण्यासाठी डीडीटीची फवारणी झाली. १९७४ मध्ये रानात फक्त चार खरूची माहीत होत्या. पक्ष्यांच्या कोणत्याही जातीची याहून हलाखीची अवस्था कल्पणे कठीण. १९७९ मध्ये वेल्सचे जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स मॉरिशसला आले. त्यांनी ससाणे पाळणाऱ्यांची जुनी युक्ती वापरली : मादीने घातलेली पहिली अंडी काढून उबवणीयंत्रात ठेवायची, म्हणजे ती पुन्हा घालते. उरलेल्या जोड्यांना जादा खाद्य द्यायचे, घरट्यांसाठी लाकडी पेट्या लावायच्या, वाढवलेली पिल्ले टप्प्याटप्प्याने मोकळी करायची. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तीनशेहून अधिक पक्षी सोडले गेले आणि खरूची रानात पुन्हा घरटी करू लागली. नंतर सघन काम थांबले आणि संख्या पुन्हा घसरली. २०१४ मध्ये तिला परत संकटग्रस्त वर्गात टाकावे लागले. एखादी जात ‘वाचली’ असे जाहीर करण्याची घाई किती महाग पडते ते इथे दिसते. एको नावाचा मूळ हिरवा पोपट मात्र चढत्या क्रमावर आहे. १९८० च्या दशकात दहाबारा होते, आज सातशेहून अधिक आहेत. चोचीचा आणि पिसांचा विषाणूजन्य रोग आणि ढोल्यांची टंचाई ही त्याची दुखणी अजून बाकी आहेत.

इतक्या वर्षांचे काम किती नाजूक धाग्यावर आहे ते २०२० मध्ये दिसले. २५ जुलैला वाकाशिओ हे मालवाहू जहाज इल ओ एग्रेटच्या जवळच, प्वँत देस्नी समोरच्या प्रवाळभिंतीवर चढले. ६ ऑगस्टला त्यातून इंधनतेल गळू लागले आणि सुमारे एक हजार टन तेल खाडीत पसरले. बेटाचे किनारे काळे झाले. रोपवाटिकेतली रोपे घाईने मुख्य भूमीवर हलवली गेली, काही चष्मेवाले आणि फोडी पकडून सुरक्षित जागी नेले गेले, भोवतालच्या चिमुकल्या बेटांवरच्या दुर्मीळ पाली आणि सापसुरळ्या थेट जर्सीला पाठवल्या गेल्या. किनाऱ्यावरच्या हजारो सामान्य लोकांनी उसाचा पाला कापडात भरून, शिवून तेल अडवणारे लांबच लांब तरंगते बांध केले. ज्या उसाने रान घालवले होते, त्याच उसाचा पाला त्या दिवसांत रानाच्या उंबऱ्यावर आडवा पडला.

बेट पाहायला जाणाऱ्यांसाठी होड्या माएबूरजवळच्या प्वँत जेरोम येथून सुटतात. पाण्यातला प्रवास काही मिनिटांचाच. बेटावर एकट्याने फिरता येत नाही. वाइल्डलाइफ फाउंडेशनचा मार्गदर्शक गटाला ठरलेल्या पायवाटेने दीड-दोन तास फिरवतो, आणि प्रवेशशुल्कातून बेटाच्या कामाला हातभार लागतो. वाटेत आबनुसाची राई, रोपवाटिका, जुन्या तोफा, नामशेष प्राण्यांचे कांस्यपुतळे लागतात. कासवे हमखास दिसतात, गुलाबी कबूतर बहुधा दिसते, सापसुरळी पायवाटेवरच आडवी येते. चष्मेवाल्यासाठी मात्र कान उघडे ठेवून थांबावे लागते. बुटांच्या तळव्यांना चिकटून आलेले बी किंवा पिशवीतून आलेली मुंगी पुन्हा संकट आणू शकते, म्हणून चढण्यापूर्वी बूट आणि पिशव्या झटकून घेणे शहाणपणाचे. जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे महिने. मे ते नोव्हेंबर हवा कोरडी आणि गार असते. ब्लॅक रिव्हरच्या पायवाटा सर्वांना खुल्या आहेत. राउंड आयलंडवर मात्र पर्यटकांना प्रवेश नाही. तिथे संशोधक आणि वनरक्षक तेवढे जातात, आणि त्यांचे सामानही उतरण्यापूर्वी बी आणि किड्यांसाठी तपासले जाते.